आपल्या भागात अकरावी-बारावी आणि पदवी महाविद्यालय हवंय? सरकारी आराखड्यात गरज कशी नोंदवायची

नुसते आकडे पाहिले तर महाराष्ट्रात महाविद्यालयांचा तुटवडा आहे असं कुणी म्हणणार नाही. 2021-22 च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात राज्यात 4,692 महाविद्यालयं नोंदली गेली. त्यातली 475 एकट्या पुणे जिल्ह्यात होती. उच्च शिक्षणातलं सकल नोंदणी प्रमाण, म्हणजे 18 ते 23 वयोगटाच्या लोकसंख्येच्या तुलनेत उच्च शिक्षणात नोंदलेल्यांची टक्केवारी, त्या वर्षी देशाचं 28.4 आणि महाराष्ट्राचं 35.3 होतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार ते 2035 पर्यंत 50 वर न्यायचं आहे. अकरावीचं म्हणाल तर दरवर्षी प्रवेश संपल्यावर राज्यात लाखो जागा रिकाम्या राहतात.

आता गडचिरोली जिल्हा घ्या. 14,412 चौरस किलोमीटरचा पसारा आणि 12 तालुके. भामरागडहून जिल्ह्याचं ठिकाण पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो. त्या भागातल्या मुलीला पुण्या-मुंबईतल्या रिकाम्या जागांचा काहीही उपयोग नाही. विस्ताराचं नियोजन म्हणजे राज्याच्या एकूण जागा वाढवणं, ही समजूत आधी बाजूला ठेवायला हवी. दहावी झालेलं मूल राहतं कुठे आणि रोज जाऊन-येऊन शिकू शकतं का, हा खरा प्रश्न आहे.

सरकारी यंत्रणेपुढे कागदावर आलेली मागणीच टिकते, आणि ती बहुतेक वेळा संस्थाचालकांनी केलेली असते. गावांनी केलेली मागणी क्वचितच दिसते. कायद्यात मात्र त्यासाठी वाट आहे. सरपंच, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, मुख्याध्यापक आणि गावातल्या पदवीधर मुलांसाठी ही वाट टप्प्याटप्प्याने मांडतो.

आधी दोन दरवाजे वेगळे ओळखा

अकरावी-बारावी शालेय शिक्षण विभागाकडे येते. जिल्हा परिषदेतले शिक्षणाधिकारी (माध्यमिक), त्यांच्या वर विभागीय शिक्षण उपसंचालक आणि त्यांच्या वर पुण्यातलं शिक्षण आयुक्तालय अशी ही उतरंड आहे. पदवी महाविद्यालय उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या अखत्यारीत येतं आणि त्याची सुरुवात तुमच्या विद्यापीठातून होते. आदिवासी भागात तिसरा दरवाजाही आहे. आदिवासी विकास विभागाच्या एकात्मिक प्रकल्प कार्यालयाकडे आश्रमशाळा असतात आणि त्यांना बारावीपर्यंतची दर्जावाढ, म्हणजे वरचे वर्ग सुरू करण्याची मंजुरी, मिळू शकते. गडचिरोली जिल्ह्यात अशी तीन प्रकल्प कार्यालयं आहेत: गडचिरोली, अहेरी आणि भामरागड.

एकाच निवेदनात ‘आमच्याकडे ज्युनिअर आणि सीनिअर कॉलेज द्या’ असं लिहिलं की ते निवेदन दोन्ही विभागांत फिरत राहतं. दोन मागण्यांचे दोन कागद करा.

मुलं मोजा, आणि नीट मोजा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण पुढचं सगळं या मोजणीवर उभं राहतं.

परिसरातल्या दहावीच्या सगळ्या शाळा धरा. साधारण दहा किलोमीटरचा परीघ पुरतो. मुख्याध्यापकांना ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर पत्र द्या आणि त्यांच्यासमोर बसून जनरल रजिस्टरवरून गेल्या वर्षी दहावी पास झालेल्या मुलांची यादी तयार करा. रजिस्टर शाळेबाहेर न्यायचं नाही, आणि तुमच्या अहवालात मुलांची नावंही छापायची नाहीत. अनुक्रमांक, गाव, मुलगा की मुलगी, आज कुठे, कोणती शाखा, घरापासून किती लांब, राहणं कुठे आणि शिक्षण सुटलं असेल तर कारण, एवढे रकाने पुरे.

ही मोजणी सप्टेंबरमध्ये करा. तोवर अकरावीचे प्रवेश बऱ्यापैकी आटोपलेले असतात. शिवाय यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी माहिती नोंदणीसाठी 30 सप्टेंबर ही संदर्भ तारीख धरली जाते, त्यामुळे तुमचे आकडे सरकारी आकड्यांशी ताडून पाहता येतात. प्रत्येक शाळेला 11 अंकी यू-डायस क्रमांक असतो आणि महाराष्ट्रातल्या शाळांचा क्रमांक 27 ने सुरू होतो. यादीत शाळेच्या नावापुढे तो जरूर लिहा. त्याने कार्यालयातला माणूस तुमचा आकडा लगेच पडताळू शकतो.

घरी फोन करताना ‘प्रवेश घेतला का?’ असं विचारून थांबू नका. ‘आज सकाळी तो कुठे आहे?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला बहुतेक घरांतून ‘हो, घेतलाय’ असं उत्तर येतं. दुसऱ्या प्रश्नाला कळतं की पोरगा विटभट्टीवर आहे, किंवा मुलगी लहान भावंडांपाशी घरी आहे आणि परीक्षेपुरती कॉलेजला जाणार आहे. सरकारी आकडेवारीत ही मुलं अकरावीत शिकत असतात. म्हणून ‘प्रवेश आहे, हजेरी नाही’ हा रकाना वेगळा ठेवा. तुमच्या अहवालातला सर्वांत मोलाचा आकडा तिथेच सापडेल.

समजा, चार हायस्कूलांतून 168 मुलं पास झाली. त्यातली 71 रोज तालुक्याला ये-जा करतात, 38 बाहेरगावी वसतिगृहात किंवा नातेवाइकांकडे राहतात, 12 आयटीआयला गेली, 19 जणांचा नुसताच प्रवेश आहे आणि 28 घरी आहेत. म्हणजे 47 मुलांचं शिक्षण दहावीनंतर प्रत्यक्षात थांबलं. त्यात मुली 33 निघाल्या, तर प्रश्न अंतराचा आणि सुरक्षिततेचा आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. यापुढे त्याच शाळांची यंदाची आठवी, नववी आणि दहावीची पटसंख्या जोडा. ‘पट टिकेल का?’ हा अधिकाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो आणि तो रास्तही आहे. पुढच्या तीन वर्षांची मुलं आजच वर्गात बसलेली दाखवता आली तर उत्तर तयार असतं.

शाखेचीही नोंद हवी. बऱ्याच तालुक्यांत कला शाखा असते, विज्ञान नसते. नर्सिंग, फार्मसी, कृषी किंवा अभियांत्रिकीकडे जायचं तर विज्ञान लागतं. जवळ विज्ञान शाखा नाही म्हणून कलेला गेलेली मुलं किती, हे विचारून ठेवा. अशा ठिकाणी नवं कॉलेज मागण्यापेक्षा आहे त्याच कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखा मागणं जास्त शहाणपणाचं, आणि ते लवकर होतं.

अंतर आणि एसटीचं वेळापत्रक

मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 6 ते 14 वयापुरता आहे. अकरावीची शाळा अमुक अंतरात हवीच, असा हक्क तो देत नाही. तरी मोजमापासाठी एक आधार आहे. 2009 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानात माध्यमिक शाळा 5 किलोमीटरच्या आत आणि उच्च माध्यमिक शाळा 7 ते 10 किलोमीटरच्या आत असावी, असं उद्दिष्ट होतं. ते अभियान 2018 मध्ये समग्र शिक्षा अभियानात विलीन झालं. निवेदनात या अंतराचा उल्लेख करा आणि त्याशेजारी तुमच्या गावांचं प्रत्यक्ष अंतर मांडा.

किलोमीटर लिहिले तरी अर्धंच चित्र उभं राहतं. सोबत एसटीचं वेळापत्रक जोडा. कॉलेज सकाळी साडेसातला भरत असेल आणि गावातून पहिली गाडी नऊला असेल, तर 14 किलोमीटरवरचं कॉलेजही त्या गावासाठी नसल्यासारखंच. शेवटची परतीची गाडी चारला असेल तर विज्ञानाची प्रात्यक्षिकं बुडतात. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो आणि घरचे मुलीला त्याआधी परत बोलावतात.

हे लिहिताना कधी कधी लक्षात येतं की आपल्याला कॉलेजची नव्हे, गाडीची गरज आहे. तसं असेल तर संकोच न करता गाडी मागा. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे. इतर विद्यार्थ्यांना मासिक पासात 66.67 टक्के सवलत मिळते. मानव विकास कार्यक्रमातल्या 125 तालुक्यांत मुलींसाठी खास बस चालवल्या जातात. तुमचा तालुका त्या यादीत असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा मानव विकास समितीकडे फेरी वाढवण्याची किंवा वेळ बदलण्याची मागणी करा, आणि त्याची एक प्रत एसटीच्या आगार व्यवस्थापकांना द्या. अर्जात कॉलेज भरण्या-सुटण्याची वेळ, थांब्यांची नावं आणि प्रत्येक थांब्यावरच्या मुलींची संख्या लिहा. नवी इमारत उभी राहायला काही वर्षं जातात. गाडीची वेळ एका सत्रात बदलू शकते.

गाडीने भागत नाही, गावं विखुरलेली आहेत, मधे नदी किंवा घाट आहे, अशा ठिकाणी मुक्कामाची सोय लागते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना यातून राहण्या-जेवणाची रक्कम खात्यात मिळते. तालुक्याच्या गावी सरकारी वसतिगृहाची क्षमता किती आणि अर्ज किती येतात, हे दोन आकडे मिळवले की वसतिगृहाची मागणी भक्कम होते.

अकरावी-बारावी हवी असेल तर

तीन मार्ग आहेत, आणि माझ्या मते त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

पहिला मार्ग असलेल्या सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेची दर्जावाढ. विदर्भात आणि मराठवाड्यात जिल्हा परिषदेची हायस्कुलं आहेत आणि काही ठिकाणी कनिष्ठ महाविद्यालयंही आहेत. तिथे इमारत असते, मैदान असतं, गावाचा विश्वास असतो. आदिवासी भागात आश्रमशाळेची दर्जावाढ मागता येते. शिवाय ज्या तालुक्यात आदिवासी लोकसंख्या 50 टक्क्यांहून जास्त आणि किमान 20,000 आहे, तिथे सहावी ते बारावीची एकलव्य निवासी शाळा काढायची हे केंद्राचं जाहीर धोरण आहे.

दुसरा मार्ग जवळच्या अनुदानित हायस्कुलाला जोडून वर्ग सुरू करण्याचा किंवा शाखा अथवा तुकडी वाढवण्याचा.

तिसरा मार्ग महाराष्ट्र स्वयंअर्थसहाय्यित शाळा (स्थापना व विनियमन) अधिनियम, 2012 चा. नवी शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयं आता बहुतांशी याच कायद्याखाली येतात. नोंदणीकृत संस्था किंवा न्यास विहित नमुन्यात अर्ज करतो, जागा आणि निधीची हमी देतो, मग छाननी होऊन परवानगी मिळते. संस्थेसाठी ही वाट सरळ आहे, म्हणून गावाला हीच सुचवली जाते. पण नावातच आहे त्याप्रमाणे अशा शाळेला सरकारी अनुदान मिळत नाही. शिक्षकांचा पगार फीमधून निघतो. रोजंदारीवर जगणाऱ्या गावात फी कमी ठेवावी लागते, मग शिक्षक कमी पगारावर येतात आणि दुसरी नोकरी मिळताच निघून जातात. गावाने जमीन देण्याआधी संस्थेकडून फी किती, भौतिकशास्त्र-रसायनशास्त्र-जीवशास्त्र-गणिताला कोण शिकवणार आणि प्रयोगशाळा कधी होणार, हे लेखी घ्यावं. ग्रामसभेत तसा ठराव करूनच जमिनीचा निर्णय घ्यावा.

परवानगी मिळाल्यावर काम संपत नाही. राज्य मंडळाची मान्यता आणि मंडळाचा इंडेक्स क्रमांक मिळाल्याशिवाय मुलांना त्या कॉलेजातून बारावीचे फॉर्म भरता येत नाहीत. 2025-26 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होत असल्याने कॉलेजचं नाव त्या पोर्टलवर दिसणंही गरजेचं झालं आहे. पोर्टलवर नाव नसलेल्या ठिकाणी प्रवेश ‘आत्ता घ्या, कागद नंतर करू’ म्हणून कुणी देत असेल, तर मुलाचं वर्ष धोक्यात आहे असं समजा.

पदवी महाविद्यालयासाठी बृहत आराखडा

इथे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 लागतो. त्यातल्या कलम 107 नुसार प्रत्येक विद्यापीठ दर पाच वर्षांसाठी बृहत आराखडा करतं. कुठल्या तालुक्यात कुठल्या प्रकारचं महाविद्यालय हवं, याची ती यादी असते. सोयींचं समन्यायी वाटप व्हावं, हा त्यामागचा कायद्यातलाच हेतू आहे. सध्याचा आराखडा 2024-29 चा आहे, आणि त्यावर दरवर्षीचा वार्षिक आराखडा बेततात. आराखड्यातल्या जागांना स्थळबिंदू म्हणतात. तुमचं गाव किंवा तालुका स्थळबिंदूंत नसेल, तर कितीही चांगल्या संस्थेचा अर्ज विचारात घेता येत नाही.

आराखडा कोण करतं हे कळलं की कुणाला भेटायचं हे कळतं. विद्याशाखांच्या प्रमुखांचं अधिष्ठाता मंडळ तो तयार करतं, मग विद्या परिषद, व्यवस्थापन परिषद आणि अधिसभा (सिनेट) अशा पायऱ्या चढून तो महाराष्ट्र राज्य उच्च शिक्षण व विकास आयोगाकडे, म्हणजे ‘माहेड’कडे जातो. माहेडचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात. अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांमधून निवडून आलेले दहा सदस्य असतात. ते मतं मागायला गावोगाव येतात, तेव्हा तुमच्या पाहणीचा अहवाल त्यांच्या हातात द्या आणि अधिसभेत प्रश्न किंवा प्रस्ताव मांडायला सांगा. तुमच्या गावातले पदवीधर विद्यापीठाकडे मतदार म्हणून नोंदलेले आहेत का, हेही बघा. बहुतेक गावांत नसतात.

परवानगीचा क्रम कलम 109 मध्ये आहे. संस्थेने सप्टेंबरअखेरपर्यंत विद्यापीठाकडे इरादापत्रासाठी, म्हणजे प्राथमिक मंजुरीच्या पत्रासाठी, अर्ज करायचा. विद्यापीठ छाननी करून नोव्हेंबरअखेरपर्यंत शासनाकडे शिफारस पाठवतं. शासन जानेवारीअखेरपर्यंत इरादापत्र देतं. मग संस्था इमारत, ग्रंथालय, प्रयोगशाळा, निधी या अटी पूर्ण करते आणि अंतिम परवानगी 15 जूनपर्यंत अपेक्षित असते. थेट मंत्रालयात अर्ज देऊन काम होत नाही, तो विद्यापीठातूनच जावा लागतो. शासन आदेशाने या तारखा पुढे-मागे होत असतात, म्हणून त्या वर्षीची विद्यापीठाची अधिसूचना हाताशी ठेवा. पण तुमची तयारी आदल्या उन्हाळ्यातच झालेली हवी, कारण सप्टेंबरमध्ये जागे झालात तर वर्ष गेलं.

एक कठीण गोष्ट इथेच सांगतो. 2001 नंतर राज्यात नवी वरिष्ठ (पदवी) महाविद्यालयं कायम विनाअनुदान तत्त्वावरच, म्हणजे सरकारी अनुदान कधीच मिळणार नाही या अटीवर, येत आली आहेत. गरीब तालुक्यात असं महाविद्यालय तग धरेल का, याचा विचार मागणी करण्याआधीच करावा. आपल्या तालुक्यातल्या अनुदानित महाविद्यालयात नवा अभ्यासक्रम मागणं, शासकीय किंवा विद्यापीठाचं स्वतःचं महाविद्यालय मागणं, हे पर्याय पुढे ठेवा. केंद्राचा निधीही पाहण्यासारखा आहे. 2013 साली सुरू झालेलं राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान 2023 पासून ‘पीएम-उषा’ नावाने चालतं, आणि महाराष्ट्रासारख्या राज्यात त्यात केंद्राचा वाटा 60 टक्के असतो.

27 सप्टेंबर 2011 ला चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ वेगळं झालं, तेव्हा विद्यापीठ जवळ आलं. अशा जवळ असलेल्या विद्यापीठाने गावात संध्याकाळचे वर्ग चालवावेत, अशी मागणीही करता येते. नोकरी किंवा शेती करणाऱ्यांसाठी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र जवळच्या कॉलेजात आणणं हाही खरा विस्तारच आहे. अठरा वर्षांच्या मुलीला मात्र मी ते पहिला पर्याय म्हणून सुचवणार नाही. तिला वर्ग, ग्रंथालय आणि मैत्रिणी मिळायला हव्यात.

ठराव आणि अर्ज कसा लिहायचा

ग्रामसभेचा ठराव मोघम नको. असा लिहा: “ग्रामपंचायत अमुक व शेजारच्या अमुक गावांतून सन अमुकमध्ये दहावी उत्तीर्ण 168 विद्यार्थ्यांपैकी 47 विद्यार्थी (मुली 33) नियमित शिक्षणाबाहेर आहेत. जवळची विज्ञान शाखा अमुक ठिकाणी 26 किमीवर असून सकाळी साडेसातपूर्वी पोचणारी एसटी नाही. सबब अमुक शाळेस अकरावी-बारावी विज्ञान शाखेची दर्जावाढ मिळावी, अशी ही ग्रामसभा मागणी करते.” शेजारच्या ग्रामपंचायतींचे असेच ठराव जोडा. पाच गावांचे एकसारखे ठराव एका गावाच्या पाच निवेदनांपेक्षा जड पडतात. अर्ज आवक विभागात देऊन शिक्का असलेली पोच घ्या आणि पोचेवरचा आवक क्रमांक जपून ठेवा. एक प्रत जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष असलेल्या पालकमंत्र्यांना आणि एक स्थानिक आमदारांना द्या.

महिना-दीड महिना उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार वापरा. महाराष्ट्रात अर्जाला 10 रुपये लागतात, एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांच्या आत मजकूर लागतो, आणि उत्तराची मुदत 30 दिवसांची असते. ‘आम्हाला कॉलेज का दिलं नाही?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर येणार नाही. कागद मागा: “बृहत आराखडा 2024-29 मधील अमुक तालुक्याच्या स्थळबिंदूंची यादी व त्या तालुक्यासाठी केलेल्या सर्वेक्षणाची प्रत मिळावी.” सर्वेक्षणात तुमच्या गावांचा उल्लेखच नसेल, तर पुढच्या वार्षिक आराखड्यासाठी तुमचा अहवाल हाच आधार म्हणून पुढे करता येतो.

मंजुरीनंतरची दोन वर्षं

वर्ग सुरू झाल्यावर दर तिमाहीला तीन गोष्टी विचारा: संचमान्यतेत (पटसंख्येनुसार शिक्षकपदांना मिळणाऱ्या सरकारी मंजुरीत) किती शिक्षक मंजूर आहेत, प्रत्यक्ष किती हजर आहेत, आणि प्रयोगशाळेत मुलांनी स्वतःच्या हाताने किती प्रयोग केले. तिसरा प्रश्न मुलांनाच विचारा. बारावीची प्रात्यक्षिक वही कोरी असेल आणि फेब्रुवारी उजाडला असेल, तर त्याच आठवड्यात पालकांनी मिळून मुख्याध्यापकांकडे जावं आणि जादा प्रात्यक्षिकांचं वेळापत्रक लेखी घ्यावं.

मुलींच्या फीबद्दलही माहिती पोचवा. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातल्या, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. तहसीलचा उत्पन्न दाखला वेळेत नसल्यामुळे यातल्या कित्येक मुली मागे राहतात. म्हणून बारावीच्या वर्गात डिसेंबरमध्येच तलाठ्यांना बोलावून एक दिवसाचं दाखला शिबिर घ्या. जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि अधिवास यांचे अर्जही त्याच दिवशी भरून घ्या.